संतांची ओळख : आई, डॉक्टर आणि संत – जियान्ना बेरेत्ता मोल्ला



दर वर्षी २८ एप्रिल रोजी ख्रिस्तसभा संत जियान्ना बेरेत्ता मोल्ला हिचे स्मरण करते. ईस्टरची धावपळ नुकतीच संपलेली असते. मुलांच्या परीक्षा, लग्नसराई आणि आपल्या खान्देशातले ऊन यांच्यात हा सण बहुधा विसरूनच जातो. ज्यांना ही संत ठाऊक आहे त्यांना ती एका वाक्यात ठाऊक असते : बाळाला वाचवण्यासाठी जिने प्राण दिला ती आई. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि अपुऱ्या वाक्यांमुळे कधी कधी एखाद्या घरात नुकसान होते.

हे लिहिण्याचे कारण सांगतो. सोनोग्राफीत बाळ मोठे दिसते आहे, डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या आहेत, औषध देऊन कळा आणून पाहायच्या की सरळ सिझेरियन करायचे, आणि घरात एकमत होत नाही, अशी कुटुंबे मिस्सानंतर भेटायला येतात. सासूबाईंना वाटते की नॉर्मलच व्हायला हवी. माहेरची माणसे म्हणतात की धोका नको. प्रार्थनेला येणाऱ्या कोणीतरी सांगून ठेवलेले असते की विश्वास पक्का असेल तर पोटाला चाकू लागत नाही. धर्मगुरूने डॉक्टर होऊ नये. कळा आणाव्यात की शस्त्रक्रिया करावी हे मी कोणाला सांगत नाही. पण जियान्नाची गोष्ट सांगता येते, कारण याच दोन वाटा तिच्याही पुढे आल्या होत्या. ती स्वतः डॉक्टर होती आणि दोन्ही वाटांनी चालून गेली.

जियान्नाचा जन्म ४ ऑक्टोबर १९२२ रोजी, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणाच्या दिवशी, इटलीत मिलान शहराजवळच्या माजेन्ता या गावी झाला. आल्बेर्तो आणि मारिया बेरेत्ता यांच्या तेरा मुलांपैकी ती दहावी. त्यांतली काही मुले लहानपणीच वारली. आईवडील दोघेही संत फ्रान्सिसच्या तृतीय संघाचे सभासद होते. रोजची मिस्सा आणि संध्याकाळची रोझरी हा घराचा नेम होता. अभ्यासात जियान्ना लहानपणी फारशी चमकली नाही. १९४२ साली काही महिन्यांच्या अंतराने आई आणि वडील दोघेही गेले. महायुद्ध चालू होते. त्याच वर्षी तिने वैद्यकीय शिक्षणाला सुरुवात केली, आधी मिलान येथे आणि मग पाविया विद्यापीठात. ३० नोव्हेंबर १९४९ रोजी ती डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षी माजेन्ताजवळच्या मेझेरो या खेड्यात तिने दवाखाना उघडला, आणि १९५२ साली मिलान विद्यापीठातून बालरोगांचे विशेष शिक्षण पूर्ण केले. गरिबांकडून ती पैसे घेत नसे, उलट औषध हातात देऊन पाठवी. तिच्याकडे मुख्यतः आया, बाळे आणि म्हातारी माणसे येत.

या घरातल्या भावंडांविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्यातून एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. एक भाऊ, ज्युझेप्पे, इंजिनियर होऊन मग धर्मगुरू झाला. दुसरा, फादर आल्बेर्तो, कपुचिन संघाचा धर्मगुरू आणि डॉक्टर. तो ब्राझीलमधल्या ग्राझाऊ या मागास भागात गेला आणि तिथे त्याने रुग्णालय उभे केले. बहीण व्हर्जिनिया हीसुद्धा डॉक्टर. ती कनोसियन धर्मभगिनी झाली आणि मिशनकार्यासाठी भारतात आली.

धर्मभगिनी आणि डॉक्टर, ही जोडी आज आपल्याला नेहमीची वाटते. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्तसभेच्या नियमांनी धर्मभगिनींना डॉक्टरकी आणि विशेषतः बाळंतपणे करायला मनाई होती. व्रतस्थ स्त्रीने प्रसूतिगृहात असणे शोभत नाही, असे तेव्हा मानले जाई. इकडे आपल्या देशात पडद्यातल्या बाया पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत आणि अडलेल्या बाळंतपणात मरत. स्कॉटलंडच्या डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लारेन या बाईंनी हे पाहिले. त्या वयाच्या साठीनंतर कॅथलिक झाल्या होत्या. रावळपिंडीत स्त्रियांसाठी रुग्णालय सुरू व्हावे म्हणून त्या झटल्या आणि ही मनाई उठवावी म्हणून रोमकडे अर्ज करत राहिल्या. १९१३ साली त्या वारल्या, तेव्हा मनाई तशीच होती. त्यांच्या पत्रांमुळे ऑस्ट्रियाची अ‍ॅना डेंगेल ही तरुणी डॉक्टर झाली, १९२० साली रावळपिंडीला आली आणि १९२५ साली तिने मेडिकल मिशन सिस्टर्सचा संघ सुरू केला. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी यांना तर परमगुरुस्वामींची खास परवानगी घेऊन आंध्रातल्या गुंटूरला काम करावे लागले. पुढे १९४३ साली त्यांनीच कॅथलिक रुग्णालयांची भारतातली संघटना स्थापन केली. अखेर फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमने धर्मभगिनींना वैद्यकी आणि प्रसूतीचे काम करण्याची मोकळीक दिली. प्रसूतीच्या खोलीत विज्ञान आणि धर्म शेजारी शेजारी उभे राहू शकतात हे पटायला आपल्या ख्रिस्तसभेलाही वेळ लागला, हे विसरू नये. व्हर्जिनिया बेरेत्ता भारतात आली ती ही वाट मोकळी झाल्यावर.

जियान्नालाही भावाच्या मागे ब्राझीलला जायचे होते. तिथल्या बायकांची बाळंतपणे सुखरूप व्हावीत ही तिची इच्छा होती. पण तिची प्रकृती नाजूक होती, तिथले हवामान तिला मानवणार नाही असे तिच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाने आणि घरच्यांनी सांगितले. बराच काळ प्रार्थना करून तिने ते ऐकले. मग ८ डिसेंबर १९५४ रोजी, ओळखीच्या एका नवीन धर्मगुरूच्या पहिल्या मिस्साच्या वेळी, तिची पिएत्रो मोल्ला यांच्याशी जवळून ओळख झाली. पिएत्रो इंजिनियर होते आणि माजेन्ताजवळ पोन्ते नुओवो येथे साफा नावाच्या काडेपेट्यांच्या मोठ्या कारखान्यात वरच्या पदावर होते. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. २४ सप्टेंबर १९५५ रोजी माजेन्ताच्या संत मार्टिन मंदिरात दोघांचा विवाह झाला. तो लावला तिचा भाऊ फादर ज्युझेप्पे याने.

संत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काटेरी मुकुट आणि उपास येतात. जियान्ना डोंगर चढायची, बर्फावर घसरत जायची, मिलानला जाऊन संगीताच्या मैफली ऐकायची, चित्रे काढायची. तिला चांगले कपडे आवडत आणि नव्या फॅशनची मासिके ती आवडीने पाहत असे. हे मी मुद्दाम लिहितो, कारण बाळंतपणात त्रास सोसला नाही तर आईपण अपुरे, असे मानणाऱ्यांना वाटते की संतांना दुःखाची हौस होती. जियान्नाला जगण्याची हौस होती.

लग्नानंतर १९५६ साली पिएर्लुइजी, १९५७ साली मारिओलिना आणि १९५९ साली लाउरा अशी तीन मुले झाली. गरोदरपणे सोपी गेली नाहीत, उलट्यांनी ती हैराण होई. तरी दवाखाना चालूच होता, आणि पोन्ते नुओवोतल्या पाळणाघराचे आणि माता-बाल केंद्राचे कामही ती पाही. १९६१ साली ती चौथ्यांदा गरोदर राहिली. दुसरा महिना संपत आला असताना, सप्टेंबर महिन्यात, गर्भाशयात फायब्रॉइडची मोठी गाठ असल्याचे दिसून आले.

तिच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, गाठीसह संपूर्ण गर्भाशय काढून टाकणे. यात बाळ दगावले असते. दुसरी, आधी गर्भपात आणि मग गाठ काढणे. तिसरी, बाळाला धक्का न लावता फक्त गाठ काढणे, ज्यात पुढच्या गरोदरपणात तिच्या स्वतःच्या जिवाला सर्वांत जास्त धोका होता. इथे थोडे तत्त्वज्ञान आडवे येते, वाचकांनी क्षमा करावी, पण ते उपयोगाचे आहे. संत थॉमस अक्वायनस यांच्यापासून आपल्याकडे एक विचार चालत आला आहे. एकाच कृतीतून दोन परिणाम निघतात, एक चांगला, एक वाईट. कृती मुळात वाईट नसेल, वाईट परिणाम हा हेतू नसेल, चांगले हे वाईटाच्या मार्गाने साधलेले नसेल आणि कारण तेवढेच गंभीर असेल, तर ती कृती करता येते. आजारी गर्भाशय काढणे हा आईचा इलाज आहे. बाळाचा मृत्यू हा त्याचा नको असलेला परिणाम. म्हणून पहिली वाट ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीने बंद केलेली नव्हती. जियान्ना ती निवडू शकली असती आणि तिला कोणी पापी म्हटले नसते. दुसऱ्या वाटेत बाळाला मारणे हेच साधन होते, ती तिने नाकारली. तिसरी वाट तिने स्वतः निवडली.

लक्षात घ्या, तिने उपचार नाकारले नाहीत. ६ सप्टेंबर १९६१ रोजी मोंझा येथील रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली आणि बाळ तसेच राहिले. तिने निवड केली ती उपचारांमधूनच, आणि डॉक्टर म्हणून धोका नीट समजून घेऊन. तिच्या नवऱ्याने ती निवड तिच्यावर लादली नव्हती. सासरच्या कोणी तिला ऐकवले नव्हते की खरी आई असशील तर असेच कर. म्हणून जियान्नाचे चित्र दाखवून एखाद्या सुनेला धोक्याच्या वाटेवर ढकलणे मला मुळीच मान्य नाही. स्वतःच्या जिवाचे दान स्वतःच द्यायचे असते. दुसऱ्याचा जीव दान देणे याला आपल्या धर्मात वेगळे नाव आहे.

पुढचे सात महिने ती कामावर राहिली. घर आवरले, मुलांच्या वस्तू लावून ठेवल्या. बाळंतपणाचे दिवस जवळ आले तेव्हा तिने पिएत्रोला सांगून ठेवले की दोघांपैकी एकाला वाचवायची वेळ आली तर बाळाला वाचवा. हे सगळ्यांना माहीत असते. त्यानंतर जे घडले ते मात्र फारसे सांगितले जात नाही.

२० एप्रिल १९६२, गुड फ्रायडे. जियान्ना मोंझाच्या त्याच रुग्णालयात दाखल झाली. डॉक्टरांनी आधी कळा आणून नैसर्गिक प्रसूती करण्याचा प्रयत्न केला. तो यशस्वी झाला नाही. दुसऱ्या दिवशी, पवित्र शनिवारी सकाळी, सिझेरियन करण्यात आले आणि मुलगी जन्मली. वजन साडेचार किलो. तिचे नाव ठेवले जियान्ना एमान्युएला.

साडेचार किलो म्हणजे काय हे आपल्या आयांना वेगळे सांगायला नको. भारतात बाळाचे सरासरी वजन जन्मतः पावणेतीन-तीन किलोंच्या आसपास असते. जगभरचे डॉक्टर साधारण चार किंवा साडेचार किलोंच्या वरच्या बाळाला मोठे बाळ म्हणतात. भीती असते ती मुख्यतः खांद्याची. डोके बाहेर येते आणि खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकतो. मग हाताशी मोजकी मिनिटे असतात. बाळाच्या हाताच्या शिरांना इजा होऊ शकते, गुदमरूही शकते, आणि आईला मोठ्या जखमा किंवा रक्तस्राव होऊ शकतो. बहुतेक मोठी बाळे असे काही न होता जन्मतात, हेही तितकेच खरे. पण कोणाचा खांदा अडकेल हे आधी नेमके सांगता येत नाही.

१९६२ साली सोनोग्राफी रुग्णालयांत रुळलेली नव्हती. स्कॉटलंडच्या डॉ. इयन डोनाल्ड यांनी पोटातले बाळ ध्वनिलहरींनी पाहण्याविषयी १९५८ साली लिहिले होते, पण ते तंत्र सर्वत्र पोहोचायला पुढे बरीच वर्षे गेली. तेव्हाचे डॉक्टर हाताने पोट चाचपून आणि फीत लावून अंदाज करत. आज जळगाव-धुळ्यात गल्लोगल्ली सोनोग्राफी केंद्रे आहेत, रिपोर्टवर बाळाचे वजन ग्रॅममध्ये छापून येते आणि घरातले सगळे तो आकडा तराजूवरचा असल्यासारखा धरून बसतात. तो तराजूवरचा नसतो. डोके, पोट आणि मांडीचे हाड मोजून काढलेला तो अंदाज असतो. शंभरात दहा-पंधराची चूक त्यात सहज असते, आणि बाळ जितके मोठे तितकी चूक अधिक. रिपोर्टवरचे चार किलो जन्मानंतर साडेतीनही भरतात आणि साडेचारही.

म्हणूनच केवळ या आकड्यावरून निर्णय होत नाही. आईची उंची आणि बांधा, आधीचे बाळंतपण, आधी गर्भाशयाला टाके पडले आहेत का, साखर आहे का, हे सगळे डॉक्टर पाहतात. साखरेचा मुद्दा आपल्याकडे महत्त्वाचा आहे. गरोदरपणात साखर वाढली तर ती बाळाकडे जाते, बाळ जाड होते आणि विशेषतः खांदे व पोट भरते. दोन जिवांची म्हणून लाडू, शिरा, केळी आणि तुपाची धार यांचा मारा करणाऱ्या आज्यांनी हे ऐकावे. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात, १४० किंवा त्याहून जास्त आले तर काळजी घ्यायची, इतकी ती तपासणी सोपी आहे. सरकारी दवाखान्यातही होते.

मोठ्या बाळासाठी काय बरे, यावर डॉक्टरांमध्येही अजून चर्चा चालू आहे. २०१५ साली युरोपातल्या एका अभ्यासात दिसले की दिवस भरण्याच्या थोडे आधी कळा आणल्या तर खांदा अडकण्याचे प्रमाण कमी होते आणि सिझेरियन वाढत नाहीत. २०२५ साली ब्रिटनमध्ये सुमारे २,९०० बायकांवर झालेल्या अभ्यासात फरक ठामपणे सांगता येईल इतका निघाला नाही. सरळ सिझेरियन सुचवायचे ते अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या मते अंदाजे वजन पाच किलो झाल्यावर, आणि आईला मधुमेह असेल तर साडेचार किलोंवर. हे आकडे त्यांच्याकडच्या बायकांचे आहेत, आपल्या डॉक्टरांना आपल्या बायकांचा विचार करावा लागतो. गर्भाशयावर आधी टाके असतील तर कळा आणणारी औषधे फार जपून द्यावी लागतात किंवा देतच नाहीत, कारण जुनी जखम उसवण्याची भीती असते. जियान्नाच्या गर्भाशयावर सात महिन्यांपूर्वीच शस्त्रक्रिया झाली होती. तिच्या डॉक्टरांपुढचा प्रश्न किती अवघड होता, हे यावरून ध्यानात येईल.

आता विश्वासाचा प्रश्न. काही जण उत्पत्तीच्या पुस्तकाचा आधार घेऊन म्हणतात की वेदना हव्याच. परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी जानेवारी १९५६ मध्ये, म्हणजे जियान्नाच्या पहिल्या बाळंतपणाच्याही आधी, डॉक्टरांपुढे बोलताना हे स्पष्ट केले होते की बाळंतपणाच्या वेदना कमी करण्याचा प्रयत्न पवित्र शास्त्राच्या विरुद्ध नाही. सिझेरियनचेही तसेच. तेराव्या शतकातल्या संत रेमंड यांचे टोपणनावच नोनातुस, म्हणजे न जन्मलेला. मेलेल्या आईच्या पोटातून त्यांना काढले होते अशी परंपरा आहे. गरोदर बायका आणि सुइणींचे ते आश्रयदाते संत आहेत. कळांचे सलाईन लावून घेतले म्हणून कोणाची श्रद्धा कमी होत नाही आणि पोटावर टाके आले म्हणून आईपण उणे होत नाही. गुड फ्रायडेला जियान्नाने कळा येण्याची वाट पाहिली, शनिवारी शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपली. दोन्ही वेळा ती तीच होती.

उलट बाजूही सांगतो. सिझेरियन ही मोठी शस्त्रक्रिया आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पुढच्या बाळंतपणातले धोके तिच्यात असतातच. सोय म्हणून, तारीख चांगली म्हणून, किंवा कोणाला घाई आहे म्हणून ती करू नये. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी रुग्णालयांत शंभरातल्या चौदा बाळंतपणांत सिझेरियन झाले होते, तर खासगीत सत्तेचाळीस. या दोन आकड्यांमधले सगळे अंतर बाळाच्या वजनाने पडलेले नाही, हे उघड आहे. म्हणून डॉक्टरांना कारण विचारायला लाजू नये. कळा आणल्या आणि त्या लागल्या नाहीत तर पुढे काय, इथे रात्री शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय आहे का, हे आधीच विचारावे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरच्या कुटुंबांनी तर चोपड्याला, शिरपूरला की थेट जळगाव-धुळ्याला जायचे, हे दिवस भरण्याआधी ठरवून ठेवावे. १०८ ची गाडी कळा सुरू झाल्यावर आठवू नये.

आणि विचारायचे ते जिच्या पोटात बाळ आहे तिला. सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी असते, तरी आपल्याकडे कागद नवऱ्याकडे किंवा सासऱ्याकडे जातो आणि ती आत कण्हत असते. पिएत्रो मोल्ला कारखान्यात हजारो माणसांना हुकूम देणारे गृहस्थ. या बाबतीत त्यांनी बायकोचे ऐकले.

जियान्नाचे पुढे काय झाले ते आपण जाणतो. बाळ सुखरूप होते. पण शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच तिला ताप चढला, पोटात जंतुसंसर्ग पसरला आणि वेदना असह्य झाल्या. प्रतिजैविके होती, डॉक्टरांनी शर्थ केली, उपयोग झाला नाही. तिची बहीण, धर्मभगिनी डॉ. व्हर्जिनिया, भारतातून येऊन तिच्या उशाशी पोहोचली होती. लहान मुलांना मागे सोडून जाताना जिवाला काय होते ते जियान्ना बहिणीजवळ बोलली. म्हणजे जायची तिची तयारी होती, इच्छा नव्हती. २८ एप्रिलच्या पहाटे तिला तिच्या इच्छेप्रमाणे पोन्ते नुओवोच्या घरी आणले. सकाळी आठच्या सुमारास, शेजारच्या खोल्यांत मुले असताना, तिने प्राण सोडला. वय ३९ वर्षे. मेझेरोच्या दफनभूमीत तिला पुरले.

बाळ की आई, असा प्रश्न त्या शनिवारी शस्त्रक्रियेच्या खोलीत आला नव्हता, हे मला महत्त्वाचे वाटते. ते सिझेरियन दोघींसाठी होते. जियान्ना गेली ती आजाराने. जिवावर उदार होण्याचा तिचा निर्णय सप्टेंबरातला. एप्रिलमध्ये ती जगण्यासाठीच रुग्णालयात गेली होती.

चार मुलांना घेऊन पिएत्रो उरले. मारिओलिना १९६४ साली, सहा वर्षांची असताना वारली. इतर तिघे मोठे झाले. २४ एप्रिल १९९४ रोजी परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी जियान्नाला धन्य घोषित केले. त्यासाठी तपासलेला चमत्कार ब्राझीलच्या ग्राझाऊमधला, तिच्या भावाने उभारलेल्या रुग्णालयातला होता. १९७७ साली एका तरुण प्रॉटेस्टंट बाईचे मृत बाळ सिझेरियनने काढावे लागले होते आणि त्यानंतर झालेली अवघड जखम जियान्नाच्या मध्यस्थीने भरून आली. दुसरा चमत्कारही ब्राझीलमधलाच. सोळाव्या आठवड्यात एका आईचे गर्भजल पूर्ण निघून गेले होते, बाळ जगेल अशी आशा डॉक्टरांना नव्हती. मे २००० मध्ये तेही बाळ सिझेरियननेच जन्मले आणि जगले. सिझेरियनला विश्वासाचा पराभव म्हणणाऱ्या मंडळींनी या दोन नोंदी जरूर वाचाव्यात.

१६ मे २००४ रोजी रोममध्ये जियान्नाला संत घोषित केले गेले. त्या दिवशी पिएत्रो ९१ वर्षांचे होते आणि मुलांसह समोर हजर होते. त्यांच्यात ४२ वर्षांची जियान्ना एमान्युएलाही होती. ती आईसारखीच डॉक्टर झाली, म्हाताऱ्या माणसांच्या आजारांची. वडिलांचे वय झाल्यावर तिने त्यांची सेवा केली. पिएत्रो ३ एप्रिल २०१० रोजी, ९७ व्या वर्षी वारले. तोही पवित्र शनिवारच होता.